वेबसाइट लटकली की दरवेळी गर्दीच जबाबदार असते का?

दहावी-बारावीचा निकाल असो की सरकारी योजनेचा फॉर्म, साइट लटकली की सोशल मीडियावर दोनच प्रतिक्रिया येतात: ‘लोड आला’ आणि ‘सर्व्हर वाढवा’.

क्लाउडवर हे सोपंही असतं. मशीन भाड्याचं असतं. प्रोसेसरवर ताण आला की आपोआप आणखी मशीन जोडण्याची सोय करता येते, तिला ऑटोस्केलिंग म्हणतात. बिलही तसंच वाढत जातं. पण प्रोसेसर 100 टक्के व्यस्त आहे म्हणजे तो उपयोगाचंच काम करतोय, असं नसतं.

20 हजार स्पेस, 34 मिनिटं

20 जुलै 2016 रोजी प्रोग्रामर मंडळींची लाडकी साइट स्टॅक ओव्हरफ्लो 34 मिनिटं बंद पडली. सायबर हल्ला नव्हता, गर्दीही नव्हती. कुणीतरी एका पोस्टमध्ये सलग 20 हजारांच्या आसपास स्पेस टाकल्या होत्या, बस्स!

झालं असं, की ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या रिकाम्या जागा काढण्यासाठी साइट रेग्युलर एक्स्प्रेशन वापरत होती, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र. ते पहिल्या स्पेसपासून निघालं, सगळ्या स्पेस मोजल्या, आणि पुढे एक अक्षर दिसलं. म्हणजे हा ओळीचा शेवट नाही. मग दुसऱ्या स्पेसपासून पुन्हा तेच, मग तिसऱ्यापासून. 20,000 अधिक 19,999 अधिक 19,998... बेरीज जाते 20 कोटींच्या घरात.

ही पोस्ट होमपेजवर झळकत होती. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे तपासणारी यंत्रणाही होमपेजच उघडून बघायची. ते उघडेना, म्हणून अख्खी साइटच बंद धरली गेली.

उपाय? ते सूत्र काढून तिथे अक्षरं कापणारं साधं फंक्शन बसवलं.

मग ताण कमी कसा करतात?

आधी मोजतात. प्रोसेसरचा वेळ कोडच्या कोणत्या भागात जातोय, हे दाखवणाऱ्या साधनाला प्रोफायलर म्हणतात. पुष्कळदा एखाद-दुसरी जागाच बहुतेक वेळ खात असते. डेटाबेसमध्ये इंडेक्स नसल्याने प्रत्येक वेळी अख्खा तक्ता चाळला जातोय, हे तर नेहमीचंच.

दुसरा मार्ग कॅशिंगचा, आणि निकालाच्या दिवशी तोच सगळ्यात कामाचा. निकाल जाहीर झाल्यावर एखाद्या विद्यार्थ्याचे गुण मिनिटामिनिटाला बदलत नाहीत. मग घरातल्या चौघांनी दहा-दहा वेळा रिफ्रेश केलं तरी डेटाबेसला चाळीस वेळा विचारायची गरज काय? पान एकदा तयार करून ठेवायचं आणि तेच द्यायचं. लाखो लोक एकाच वेळी येणार हे आधीपासून माहीत असताना ‘अचानक लोड आला’ हे कारण, खरं सांगायचं तर, पटत नाही.

बचत करतानाच घात

अर्थात, प्रोसेसरचा वापर कमी करणं हेही जोखमीचं काम आहे. 2 जुलै 2019, भारतात संध्याकाळचे सव्वासात. जगभरातल्या असंख्य वेबसाइट्सना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरने फायरवॉलमध्ये एक नवा नियम टाकला. तो फक्त चाचणीसाठी होता, कुणालाही अडवणार नव्हता. पण तपासणी खरीखुरी चालणार होती, आणि त्यात पुन्हा एक बिघडलेलं रेग्युलर एक्स्प्रेशन होतं. नियम जगभर एकदम लागू झाला आणि त्यांच्या सगळ्या सर्व्हरचे वेब ट्रॅफिक हाताळणारे प्रोसेसर 100 टक्क्यांवर गेले. लोकांना 502 एरर दिसू लागला. ट्रॅफिक एका क्षणी 82 टक्क्यांनी घटलं. इथे मशीन वाढवून काय होणार? नवं मशीनही तेच सूत्र सोडवत बसलं असतं. कंपनीची अंतर्गत साधनंही तिच्याच सेवेमागे असल्याने कर्मचाऱ्यांनाच आत शिरताना अडचण आली. 27 मिनिटांनी गाडी रुळावर आली.

अशा सूत्राने प्रोसेसर गिळू नये म्हणून एक संरक्षण पूर्वी होतं. काही आठवड्यांपूर्वी कोडची पुनर्रचना करताना ते चुकून काढलं गेलं होतं, आणि ती पुनर्रचना चालली होती फायरवॉलचा प्रोसेसर वापर कमी करण्यासाठीच!

नंतर कंपनीने ते संरक्षण परत बसवलं, नियम टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरवलं, आणि सूत्र कितीही वाकडं असलं तरी वेळेची मर्यादा न ओलांडणाऱ्या इंजिनाकडे वळायचा निर्णय घेतला.