नावाचा सातबारा कुणाच्या नावावर?

फुकट डोमेन कुठं मिळेल, हा प्रश्न हिंगोलीतली लिहिती पोरं मला वरचेवर विचारतात. कुणाला कवितांचं संकेतस्थळ काढायचं असतं, कुणाला वसमतच्या हळदीचा धंदा इंटरनेटवर न्यायचा असतो, तर कुणाला आपले लेख एका जागी ठेवायचे असतात. कोणती फुकट सेवा चांगली, एवढंच त्यांना हवं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे : एकही नाही. जागा फुकट घ्या, साचा फुकट घ्या, नाव मात्र विकत घ्या.

हे उत्तर अनेकांना आवडत नाही. ‘सर, तुम्हाला काय, तुमचा पगार आहे’ असंही ऐकावं लागतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मराठवाड्यातल्या माणसाला डोमेन समजावणं अवघड नाही. बटईनं केलेल्या शेतात घाम आपला असतो, पीकही उभं राहतं. पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं असतं. पुढच्या हंगामात तो ‘आता नको’ म्हणाला की बांधावरून परतायचं. डोमेनचीही अशीच एक नोंदवही असते. त्या वहीत मालक म्हणून कुणाचं नाव आहे, हा खरा प्रश्न. फुकट नावाच्या व्यवहारात तिथं आपलं नाव बहुधा नसतंच.

फ्रीनॉमचं उदाहरण घ्या. ॲमस्टरडॅमच्या या कंपनीनं डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए, डॉट सीएफ आणि डॉट जीक्यू अशी पाच शेपटं फुकट वाटली. डॉट टीके हा टोकेलाऊचा कोड. न्यूझीलंडच्या अखत्यारीतल्या या बेटांची वस्ती दीड हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्या कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या लहान गावाएवढी. तरीही देशांच्या कोडांमध्ये एके काळी सर्वाधिक नोंदी याच कोडावर होत्या. ‘फुकट’ या शब्दाची ताकद एवढी मोठी! अटी मात्र कुणी वाचल्या नाहीत. फुकट घेतलेल्या नावाची मालकी कंपनीकडेच राहायची, घेणाऱ्याला फक्त वापरायची मुभा. साइट चालायला लागली की नाव काढून घेतलं जातं, अशा तक्रारीही होत होत्या.

शेवट काय झाला? फसवणूक करणाऱ्यांना फुकट नावं फार सोयीची पडली. फेसबुकच्या मेटा कंपनीनं फ्रीनॉमला कोर्टात खेचलं. जानेवारी २०२३ मध्ये नव्या नोंदी बंद पडल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गॅबॉन देशानं आपला डॉट जीए परत घेतला आणि सुमारे ७० लाख नावं रद्द होणार असल्याचं जाहीर झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मेटाशी तडजोड करून फ्रीनॉमनं हा धंदाच सोडला. भामट्यांचं काही बिघडलं नाही, त्यांनी दुसरं नाव घेतलं. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचा पत्ता मात्र गेला.

‘आम्ही असल्या कंपनीकडे जाणारच नाही, आमचा ब्लॉग गुगलवर आहे’ असं म्हणणाऱ्यांनी ब्लॉगस्पॉट डॉट इनचा किस्सा ऐकावा. २०१२ पासून गुगल भारतातल्या वाचकांना या पत्त्यावर वळवत होतं. साहजिकच लोकांनी तेच दुवे एकमेकांना पाठवले, लेखांच्या खाली संदर्भ म्हणून दिले. २०२० मध्ये हे नावच गुगलच्या हातून निसटून दुसऱ्याकडे गेलं आणि जुने दुवे निकामी झाले. लेख मूळ पत्त्यावर शाबूत होते, पण त्यांच्याकडे जाणारी वाट मोडली. एवढ्या बलाढ्य कंपनीच्या अंगणातही आपण पाहुणेच असतो, हा त्याचा अर्थ.

सगळेच फुकट देणारे लबाड नसतात, हे मान्य. ईयू डॉट ऑर्गसारखी ना-नफा सेवा १९९६ पासून फुकट नावं देते आहे. पण तिथंही आपलं नाव दुसऱ्याच्या नावापुढं जोडलेलं असतं. को डॉट सीसीवरही अशीच जोडनावं वाटली जायची. त्यातल्या कित्येकांवर भामटेगिरी चालते म्हणून २०११ मध्ये गुगलनं त्या नावाखालच्या सगळ्याच साइट शोधातून काढून टाकल्या. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानासाठी हा मुद्दा अधिक गंभीर आहे. ‘अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता’ हे कौतुक आपण आयुष्यभर ऐकतो. सोलापुरात १९९० मध्ये मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सुरू झालं, त्यालाही आता तीन दशकं उलटली. तरी आपल्याविषयी इंटरनेटवर शोधलं तर आपण लिहिलेलं कमी आणि आपल्यावर लिहिलेलं जास्त सापडतं. अशा वेळी आपल्या लेखांचा पत्ता मेला, की इतरांनी रंगवलेलं चित्र तेवढं उरतं. त्याहून वाईट म्हणजे सोडलेलं नाव कुणीतरी उचलतो आणि तिथं सट्ट्याच्या जाहिराती लावतो. पत्ता ‘शेख’ किंवा ‘पठाण’ नावाचा असेल तर खुलासे कुणाला द्यावे लागतील, हे सांगायला नको.

राहिला पैशांचा प्रश्न. डॉट इन नाव वर्षाला साधारण हजाराच्या आत मिळतं. ब्लॉगरवर ते फुकट जोडता येतं, म्हणजे होस्टिंगचा खर्च शून्य. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा. नोंद स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलनं आणि मोबाइलनं करा. साइट बनवून देणाऱ्या पोराच्या नावानं नको. मुदतीची तारीख घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. लेखांची एक प्रत स्वतःजवळ राहू द्या. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत नावही मिळतं. ते हौसेनं घ्या, पण सोबत रोमन लिपीतलं नाव ठेवा. कारण दुवा चिकटवला की आपल्या अक्षरांच्या जागी अनेकदा ‘एक्सएन’नं सुरू होणारी अगम्य अक्षरमाळ उमटते.

हजार रुपये खरंच जड असतील तर दोघा-तिघांनी मिळून एक नाव घ्या आणि त्याखाली आपापला विभाग करा. पण नोंदवहीत नाव आपल्यातल्याच कुणाचं तरी असू द्या. शब्द आपले असतील, तर त्यांच्या दारावरची पाटीही आपलीच हवी.