व्याख्यानमाला झाली, पुढे काय?

डिसेंबर उजाडला की बेळगाव शहरात आणि तालुक्यात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानमाला सुरू होतात. अनुभवी शिक्षक येतात, हमखास येणारे प्रश्न सांगतात, सराव प्रश्नपत्रिका वाटल्या जातात. निकालानंतर गुणगौरव समारंभ होतो. मराठी संस्थांनी हे काम वर्षानुवर्षे निष्ठेने केले आहे, याबद्दल दुमत नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या मुलाच्या हाती आपण गुणगौरवाचे प्रशस्तिपत्र देतो, तो दिवाळीच्या सुमारास पी.यू.सी.च्या वर्गात मागच्या बाकावर गप्प का बसलेला असतो?

घरातले उत्तर ठरलेले असते : "मराठी माध्यमात घातले तिथेच चुकले." या एका वाक्याने धाकट्या भावंडाचे नाव इंग्रजी शाळेत जाते आणि आपल्या शाळेचा पट एकाने घटतो. मग पटसंख्येबद्दल आपण सभेत ठराव करतो. सीमाप्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ पासून चालू आहे. तेवढ्या काळात दहावीच्या वीसहून अधिक तुकड्या शाळेबाहेर पडल्या. म्हणून अभ्यास कसा करावा हा विषय या पत्रकात मांडणे मला तरी अप्रस्तुत वाटत नाही.

माध्यम बदलण्याचा त्रास खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण आपली बहुतेक मुले अभ्यास म्हणजे वाचन समजतात. धडा एकदा वाचायचा, पुन्हा वाचायचा, पिवळ्या पेनाने ओळी रंगवायच्या. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि "आले" असा समज होतो. ओळखीचे वाटणे वेगळे आणि पुस्तक मिटून सांगता येणे वेगळे. दहावीला पाठ केलेल्या उत्तरांवर हे निभावून जाते. पुढे मजकूर इंग्रजीत आणि तिप्पट झाला की निभावत नाही.

यावर परदेशात बरेच काम झाले आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, दुसरा एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्क्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले : दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के लक्षात राहिले, आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के. त्याच्याही फार पूर्वी, १८८५ साली, एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने बिनअर्थी अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच मोजमाप केले. एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांचे काम तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनी झाले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

आपल्या जुन्या घरांना यात नवल वाटू नये. दिवेलागणीला परवचा म्हटला जाई तेव्हा दुसरे काय होत होते? पावकी, निमकी, दिडकी रोज, पुस्तक न उघडता, मोठ्या आवाजात, आणि चुकले की आजोबा तिथल्या तिथे सांगत. घोकंपट्टी म्हणून आपण ती पद्धत टाकून दिली. घोकंपट्टी मात्र तशीच राहिली, फक्त गाइडात गेली.

बँकेत रोकड मोजताना आधी वहीतला आकडा बघायचा नाही, असा शिरस्ता आहे. मोजायचे, लिहायचे, मग पडताळायचे. आकडा आधी पाहिला की हात त्या आकड्यापाशीच थांबतो. अभ्यासालाही हेच लागू आहे. धडा वाचावा, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग उघडून लाल पेनाने फरक दाखवावा. तोच कागद दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने.

आता भाषेचे. वाणिज्य शाखेत गेलेल्या मराठी मुलाला 'डेबिट', 'क्रेडिट', 'ट्रायल बॅलन्स' हे शब्द एकदम अंगावर येतात. तो नियम इंग्रजीत पाठ करतो आणि उलटी नोंद करतो. त्याला नावे-जमा, रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द कोणी सांगितलेले नसतात, आणि यातले कितीतरी आपल्या पेठेतल्या दुकानांच्या वह्यांत पिढ्यान्पिढ्या होते. व्यवहार आधी मराठीत समजावा, कोणाच्या नावे आणि कोणाकडून जमा हे स्वतःच्या शब्दांत सांगता यावे, आणि मग तेच उत्तर इंग्रजीत लिहावे. उत्तर शेवटी इंग्रजीतच द्यायचे आहे, त्यामुळे तो सरावही रोज हवाच. पण समजण्याची पायरी गाळून लिहिण्याच्या पायरीवर उडी मारता येत नाही. मराठी माध्यम इथे ओझे नाही, उलट हाताशी असलेले भांडवल आहे.

तेव्हा कार्यकारिणीला माझी सूचना अशी. डिसेंबरातली व्याख्यानमाला चालू द्यावी, पण खरे काम जूनपासून सुरू व्हावे. संस्थेचे सभागृह आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी बंद असते. ते सात ते नऊ उघडावे, नववी ते पी.यू.सी.च्या मुलांना बसू द्यावे. भाषण कोणाचेही नको. मुलांनी पुस्तक मिटून लिहावे, एकमेकांना प्रश्न विचारावेत, मोठ्याने लहानाला समजवावे. निवृत्त शिक्षक आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांनी फक्त अडलेले सोडवावे. हिशेबाच्या विषयासाठी बँकेतले आम्ही काही जण आळीपाळीने यायला तयार आहोत. खर्च विजेचा आणि कागदाचा. गुणगौरवातल्या ढाली थोड्या लहान केल्या तरी तो निघेल. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि शक्यतो पहिल्या तासात, सभासद उठून जाण्याआधी.