वर्धेच्या अलीकडे, पलीकडे



लहानपणी मे महिना लागला की सिकंदराबादहून गाडी पकडायची आणि बल्लारपूरला मामाकडे जायचं, हे ठरलेलं. मामा कोळशाच्या खाणीत फिटर होता. यंदा बऱ्याच वर्षांनी गेलो. निघताना धाकट्या मामेभावाने विचारलं, "दादा, मायनिंग सरदारची परीक्षा देऊ, की तुझ्यासारखं हैदराबादला येऊन कम्प्युटरचं काही शिकू?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तेच शोधत होतो.

बल्लारशा सुटलं की लगेच वर्धेचा पूल. पलीकडे राजुरा तालुका. 1956 पर्यंत ही नदीच हद्द होती आणि राजुरा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्यात, मग 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात. म्हणून आज पूल ओलांडला तरी महाराष्ट्र संपत नाही. तेलंगणा पुढे विरूरनंतर लागतं. माणसांनी हद्द सरकवली, कोळसा होता तिथेच राहिला. वर्धा खोऱ्यापासून प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेले हे गोंडवन खडक, त्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. खडकांना नाव मिळालं ते गोंडांच्या मुलखावरून, आणि बल्लारपूर तर गोंड राजांची राजधानीच.

हद्दीच्या दोन्ही बाजूंची गावं बघा, जुळी भावंडं वाटतात. इकडे बल्लारपूरला कागद कारखाना, तिकडे सिरपूर कागजनगरला. गावाच्या नावातच कागद. इकडे चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र, तिकडे रामगुंडमचं. इकडे घुग्गुस, माजरी, वणी. तिकडे बेल्लमपल्ली, मंदमर्री, मंचेरियाल. गोदावरी ओलांडली की गोदावरीखनी. आपली 'खाण' तिथे 'खनी' झाली, एवढाच फरक. इकडच्या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, मुख्यालय नागपूरला; तिकडच्या सिंगरेणीच्या, मुख्यालय कोत्तागुडेमला. पाळीची वेळ, क्वार्टरच्या रांगा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी धूळ मात्र सारखीच.

मग मला या पट्ट्याच्या दोन टोकांकडची दोन गावं आठवली. उत्तरेला वरोरा. तिथली सरकारी कोळसा खाण एकोणिसाव्या शतकातली. तिच्यासाठीच वर्ध्याहून रेल्वे आली. ती खाण 1906 मध्ये बंद पडली. आज वरोरा म्हटलं की आपल्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं, कोळसा नाही. दक्षिणेला येल्लंदू. 1871 मध्ये भूवैज्ञानिक विल्यम किंग यांना त्या परिसरात कोळसा सापडला आणि जवळच्या सिंगरेणी गावाचं नाव पुढे कंपनीला मिळालं. पण कंपनीचा कारभार आज चालतो तो कोत्तागुडेमहून.

म्हणजे माणसासारखंच खाणीलाही वय असतं. आपण नोकरी बघताना पगार बघतो, क्वार्टर बघतो, खाणीचं उरलेलं वय विचारत नाही. मामाची भूमिगत खाण बंद झाली तेव्हा त्याची बदली उघड्या खाणीवर झाली. तिथे यंत्रं मोठी आणि माणसं कमी. त्याच्या बरोबरीच्या कित्येकांना नवीन काम जमलं नाही. मामा टिकला, कारण पंप कुठलाही असो, तो उघडून दुरुस्त करायला त्याला येत होतं.

काझीपेटला गाडी थांबली तेव्हा मामेभावाला फोन लावला. म्हटलं, "परीक्षा दे. पण जी खाण मिळेल तिथे अजून किती वर्षांचा कोळसा आहे ते आधी विचार. आणि आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं शिक्षण अर्धवट सोडू नकोस."

तो म्हणाला, "बाबापण हेच सांगतात. तू इंजिनिअर, काहीतरी वेगळं सांगशील असं वाटलं होतं."

मामाने हे खाणीत राहून शिकलं होतं. मला त्यासाठी काझीपेटपर्यंत यावं लागलं.

आपल्या मंडळातल्या कुणाचं बालपण सिंगरेणीच्या वसाहतीत गेलं असेल, तर जरूर कळवा. खाण बंद झाल्यावर तुमच्या गावाचं काय झालं, ते मामेभावाला वाचून दाखवीन.