तारीख नसलेला रस्ता

मी बँकेत कारकून आहे. वीसेक वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून मला एक खोड लागली आहे. कागद हाती आला की आधी तारीख बघायची. लग्नपत्रिका आली तरी नवरानवरीची नावं मी नंतर वाचतो.

माझी शाखा एका खेड्यात आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बदली व्हायची, आणि सध्या बदलीच्या गावी जायला रस्ता नाही.

गावाला तालुक्याशी जोडणारा रस्ता एकच. त्याच्या आडवा ओढा आणि ओढ्यावर मोरी. ती पावसाळ्यात हमखास पाण्याखाली जायची, तेव्हा नवी व्हायलाच हवी होती. माझं भांडण मोरीशी नाहीच, पाटीशी आहे. फेब्रुवारीत एका सकाळी मोटारसायकल तिच्यावर जवळजवळ आदळलीच. 'काम चालू, रस्ता बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' कधीपर्यंत? कोणाच्या हुकमानं? पलीकडे कसं जायचं? एक अक्षर नाही. पाटीमागे उखडलेली मोरी, डबराचा ढीग, सिमेंटचे चार नळे, आणि त्यातल्या एका नळ्यात गाढ झोपलेले मुकादम.

चार दिवस काम खरंच चालू होतं. पाचव्या दिवशी जेसीबी गेला तो गेलाच. मुकादम म्हणाले, "मार्चच्या आत काम सुरू झाल्यालं दिसाय पायजे, सायेब. आता दिसतंय न्हवं?" दिसत होतं. खड्डा चांगला पुरुषभर खोल होता.

मी कॉमर्सचा पदवीधर. 31 मार्चचा धसका मलाही कळतो. पण तारीख नसलेला चेक आला तर तो मी परत करतो. मग तो सरपंचांचा असो की सासऱ्यांचा. आणि तारीख नसलेला रस्ता मात्र अख्ख्या गावानं मुकाट्यानं वटवून घ्यायचा! आमच्याकडे सस्पेन्स नावाचं एक खातं असतं. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही ती रक्कम तिथे तात्पुरती ठेवायची. पण 'तात्पुरती' म्हणजे किती दिवस, हे विचारायला ऑडिटर येतो आणि घाम फोडून जातो. रस्त्याच्या 'तात्पुरत्या'ला ऑडिटर कुठला?

बरं, कायदा नाही म्हणावं तर तोही आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115. वाहनांना केलेली बंदी महिन्याहून जास्त चालायची असेल तर राजपत्रात अधिसूचना हवी. महिन्याच्या आतली असेल तर निदान स्थानिक प्रसिद्धी द्यायची. आमच्या गावी ही प्रसिद्धी मुकादमांनी जातीनं दिली : "आज्जे, हिकडनं न्हाई, तिकडनं जा." शिवाय 1934 पासून इंडियन रोड्स काँग्रेस आहे. मुकुंदराव जयकरांच्या समितीनं केलेल्या शिफारशीतून ती उभी राहिली. रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक कशी वळवावी, पाट्या कुठे लावाव्यात, याची अख्खी पुस्तिका तिनं काढली आहे. आमच्या ओढ्यापर्यंत ती पुस्तिका आली नाही. कशी येणार? रस्ता बंद.

'तिकडनं' म्हणजे शेजारच्या गावावरून. चार किलोमीटरचे सतरा होतात. एस.टी.नं तेवढा वळसा घेण्याऐवजी फाट्यावरूनच परत फिरायचं ठरवलं. मुलींना शाळेसाठी पास मोफत आहे, पण पास दाखवायला आधी एस.टी. दिसायला हवी ना! दहावीच्या पोरी पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन ओढा उतरायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकीचे वडील स्लिप भरता भरता म्हणाले, "सायेब, पोरीला आता घरीच ठेवतो. अंधारात वड्यातनं कुटं धाडू?" मी नोटा दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा चुकलो.

तालुक्याला एका सुशिक्षित गृहस्थांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "अहो, विकासाला वेळ लागतो. थोडी कळ सोसायला हवी." ही कळ सोसायला सांगणारा माणूस नेहमी डांबरी रस्त्यावर उभा असतो, हे मी पाहून ठेवलं आहे. काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात, कबूल. पण ते अठ्ठावीस दिवस मोजायला काँक्रीट आधी ओतावं लागतं!

माझं मागणं कारकुनी आहे. पाटीवर दोन तारखा लिहा, सुरू केल्याची आणि उघडण्याची. खाली कोणाची तरी वाचता येईल अशी सही. आणि एस.टी. जाईल असा मुरुमाचा वळणरस्ता आधी करा, मोरीला हात नंतर लावा. तारीख चुकली तर खोडून दुसरी लिहा. आम्हीही खाडाखोड सहीनिशी चालवून घेतो.

हे सगळं मी परवा काउंटरवरच तावातावानं बोलत होतो. समोर निराधार योजनेचे पैसे न्यायला आलेली एक म्हातारी चपला हातात धरून उभी होती. ओढ्यातून आल्यामुळे लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. सगळं शांतपणे ऐकून तिनं पासबुक पुढे सरकवलं.

"आजी, लिंक नाही आज," मी म्हणालो.

"मग कवा येऊ, लेकरा?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं.

"बघू," मी म्हणालो, "आली की सांगतो."