वेश हायदुकाचा, शस्त्रे सरकारची

१/ सर्बियाच्या पश्चिमेस त्रशिच नावाचे खेडे आहे. सर्बियन लोकगीतांचे थोर संग्राहक आणि भाषासुधारक वूक काराजिच यांचा जन्म १७८७ साली तेथे झाला. १९९२ मध्ये, शेजारच्या बोस्नियात युद्ध पेटले असताना, बोस्नियन सर्बांचा नेता रादोवान काराजिच त्या घरी गेला आणि गजाने वाजवायचे गुस्ले हे एकतारी वाद्य मांडीवर घेऊन कॅमेऱ्यासमोर गायला. पावेल पावलिकोव्स्की यांच्या माहितीपटात हे दृश्य आहे. आडनाव एकच, तेव्हा वूक यांच्याशी रक्ताचे नाते असल्याचेही तो तेथे सुचवतो.

२/ याच माहितीपटात आणखी एक दृश्य आहे. सारायेवोच्या भोवतालच्या टेकडीवरून काराजिच खालचे वेढलेले शहर एका रशियन पाहुण्याला दाखवतो. तो पाहुणा, लेखक एदुआर्द लिमोनोव, मग मशीनगनपाशी बसून शहराच्या दिशेने गोळ्या झाडतो. गुस्ले आणि मशीनगन यांच्यामध्ये जो धागा आहे, त्याचे नाव हायदुक.

३/ हायदुक म्हणजे ऑटोमन राजवटीत गाव सोडून डोंगरात गेलेला, टोळी बांधून काफिले आणि अंमलदार लुटणारा माणूस. गुस्लेवरच्या वीरगीतांत, म्हणजे तिकडच्या पोवाड्यांत म्हणा हवे तर, कोसोवोच्या १३८९ च्या रणाखालोखाल मान त्याचा. गीतांतला हायदुक अन्यायाने पेटून उठतो, छळ सोसतो, पण साथीदारांची नावे सांगत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्बियन राष्ट्रवादाने उचलला तो हा हायदुक.

४/ इतिहासातला हायदुक मोसमी होता. वसंतात, संत जॉर्जच्या सणाला झाडी दाट झाली की टोळी जमायची. शरदात, संत दिमित्रीच्या सणाला पाने गळाली की पांगायची. हिवाळा काढायचा कोठे? गावात, ‘याताक’च्या घरी. याताक म्हणजे हायदुकाला लपवणारा, जेवू घालणारा, त्याचा ऐवज सांभाळणारा गावकरी. पकडला गेला तर शिक्षा त्यालाही भोगावी लागे. वीरगीतांत याताक येतो तो बहुधा दुय्यम पात्र म्हणून. डोंगरातल्या शौर्याची किंमत खालचे गाव मोजत असे, एवढे मात्र त्याच्या अस्तित्वावरून स्पष्ट होते.

५/ हे वूक यांना नीट ठाऊक होते. आपल्या कोशात ‘हायदुक’ या शब्दाखाली त्यांनी व्याख्येऐवजी जवळजवळ एक निबंधच लिहिला आहे. तुर्कांच्या जुलमामुळे माणसे हायदुक होतात अशी लोकांची समजूत ते नोंदवतात. पण काहीजण हौसेने वा सूड उगवायलाही जातात, आणि समाजाच्या बंधनातून सुटलेला माणूस पुढे आपल्याच लोकांनाही उपद्रव देतो, हेही लिहून ठेवतात. ज्यांच्या घरात बसून रादोवान गायला, त्यांचाच हा अभिप्राय. घरात बसण्यापूर्वी त्याने कोश उघडला असता तर बरे झाले असते.

६/ हायदुकांनाही आपल्या मर्यादा कळत होत्या. १८०४ साली ओराशात्स येथे उठावाचे नेतृत्व स्तानोये ग्लावाश या नामांकित हायदुकापुढे आले, तेव्हा त्याने ते नाकारल्याची कथा प्रसिद्ध आहे: आपण रानातले लोक, घरदार असलेली माणसे आपल्यामागे कशी येणार? नेता झाला काराजोर्जे. तोही काही काळ हायदुक होता, परंतु घर-संसार आणि डुकरांचा व्यापार असलेला. पुढे मिलोश ओब्रेनोविचच्या हाती सत्ता आली आणि त्याने हायदुकांचा कठोर बंदोबस्त केला. राज्य उभे राहताच राज्याला हायदुक नकोसा झाला.

७/ शिवाय हायदुक केवळ सर्बांचा नव्हता. बल्गेरियन, रुमानियन, हंगेरियन भाषांत तो या ना त्या रूपात आहे. क्रोएशियातील स्प्लिटच्या १९११ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल क्लबचे नावच ‘हायदुक’. एका राष्ट्राची खासगी मालमत्ता ठरवायला हे प्रतीक तसे गैरसोयीचेच.

८/ दुसरे प्रतीक चेटनिकाचे. ‘चेटा’ म्हणजे तुकडी. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑटोमन मॅसेडोनियात लढलेल्या सर्बियन तुकड्यांमुळे हा शब्द रूढ झाला. आज तो उच्चारताच आठवतो तो १९४१ चा राव्ना गोरा पर्वत आणि कर्नल, पुढे जनरल, द्राझा मिहाइलोविच.

९/ येथे घाईने निवाडा करणे अन्यायाचे होईल. जर्मन सैन्य एका मृत सैनिकामागे शंभर ओलिसांना गोळ्या घालत होते; ऑक्टोबर १९४१ मध्ये एकट्या क्रागुयेवात्समध्ये सुमारे २,८०० माणसे मारली गेली. क्रोएशियात उस्ताशा राजवट सर्बांचा संहार करत होती. १९४४ मध्ये मिहाइलोविचच्या लोकांनी दोस्तराष्ट्रांच्या सुमारे ५०० वैमानिकांना सुखरूप बाहेर काढण्यात मोलाची मदत केली. हे सारे खरे आहे.

१०/ आणि हेही खरे आहे की चेटनिकांचे अनेक सेनानी इटालियनांशी हातमिळवणी करून होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये पावले जुरिशिच या सेनानीने वरिष्ठांकडे अहवाल धाडला: प्लेव्ल्या, चायनिचे आणि फोचा भागात सुमारे १,२०० मुस्लिम लढवय्ये आणि ८,००० पर्यंत इतर, म्हणजे स्त्रिया, वृद्ध, मुले, ठार. हा आकडा शत्रूच्या प्रचारपत्रकातला नाही. मारणाऱ्याच्या स्वतःच्या हिशेबातला आहे.

११/ २०१५ मध्ये बेलग्रेडच्या न्यायालयाने मिहाइलोविचवरील १९४६ चा निकाल रद्द केला. तो खटला राजकीय होता, न्याय्य नव्हता, असे त्याचे कारण. खटला अन्यायाचा ठरल्याने फोचा घडलेच नाही असे होत नाही. पण त्याच्या भक्तांनी निकालाचा अर्थ जवळपास तसाच लावला.

१२/ आता १९९० चे दशक. वाढवलेल्या दाढ्या, डोक्यावर लोकरी टोप्या, टोप्यांवर राजचिन्ह. वोयिस्लाव शेशेल १९८९ मध्ये अमेरिकेत जाऊन, तेथे आश्रय घेतलेल्या मोमचिलो जुयिच या जुन्या चेटनिकाकडून ‘वोयवोदा’ ही पदवी घेऊन आला. आर्कान ऊर्फ झेल्को राझ्नातोविच पूर्वायुष्यात पश्चिम युरोपात बँका लुटत असे. मग रेड स्टार क्लबच्या चाहत्यांचा म्होरक्या झाला आणि शेवटी ‘वाघां’चा सेनापती. १९९५ मध्ये गायिका त्सेत्सा हिच्याशी लग्न करताना त्याने पहिल्या महायुद्धातील सर्बियन अधिकाऱ्याचा गणवेश चढवला होता.

१३/ एप्रिल १९९२ मध्ये बियेल्यिना येथे आर्कानच्या माणसांनी निःशस्त्र नागरिक मारले. रॉन हॅविव्ह यांच्या छायाचित्रात फुटपाथवर पडलेल्या स्त्रीला लाथ मारण्यासाठी एकाने पाय उगारला आहे. त्याच्या डोळ्यांवरचा गॉगल केसांत सरकवलेला, हातात सिगारेट.

१४/ या वेशाचे खरे काम येथे कळते. हायदुक राज्याविरुद्ध उभा होता. या टोळ्यांच्या पाठीशी राज्य उभे होते. सर्बियाच्या राज्य-सुरक्षा विभागाचा प्रमुख योवित्सा स्टानिशिच आणि त्याचा सहकारी फ्रान्को सिमातोविच यांना बोस्निया-क्रोएशियातील गुन्ह्यांतील सहभागासाठी २०२३ च्या अंतिम निकालात प्रत्येकी १५ वर्षांची शिक्षा झाली. सारायेवोवर टेकड्यांवरून डागलेल्या तोफाही युगोस्लाव सैन्याकडून आलेल्या होत्या. डोंगर तोच राहिला. वर आता सत्ता बसली होती आणि खाली असहाय लोक. बंडखोराची टोपी घातली की सरकारचा हात दिसेनासा होतो, आणि हत्येला ‘उत्स्फूर्त लोकक्षोभ’ म्हणता येते.

१५/ आपले बंडखोर वीर सगळीच राष्ट्रे रंगवतात, मग सर्बांनाच दोष का, असा प्रश्न येतो. दोष गाण्याला नाहीच. शिवाय या मिथकाची सर्वांत धारदार चिकित्सा बेलग्रेडमध्येच झाली आहे. मानववंशशास्त्रज्ञ इवान चोलोविच यांनी युद्ध चालू असतानाच ती लिहिली. आक्षेप एवढाच की गीतातून निवडून काय घेतले: डोंगर घेतला, बंदूक घेतली, याताक वगळला.

१६/ याताक मात्र परत आला, तो अनपेक्षित वाटेने. हेगच्या न्यायाधिकरणाने आरोप ठेवल्यावर रादोवान काराजिच वर्षानुवर्षे फरार होता. जुलै २००८ मध्ये तो बेलग्रेडमध्ये सापडला तेव्हा लांब पांढरी दाढी राखून ‘द्रागान दाबिच’ या नावाने पर्यायी उपचार करत होता. नव्या बेलग्रेडमधल्या एका लहानशा पबमध्ये तो जात असे. तेथे भिंतीवर त्याचेच जुने छायाचित्र लावलेले होते. त्याखाली बसून तो गुस्ले वाजवी. २०११ मध्ये रात्को म्लादिच एका नातेवाइकाच्या घरी पकडला गेला. या फरारींना लपवणाऱ्यांसाठी सर्बियन वृत्तपत्रांनी सर्रास जो शब्द वापरला, तो होता ‘याताक’.