रूळ नसलेला रस्ता

आमच्या नगरकडे (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय) मी आयुष्यातली सगळ्यात मस्त सायकल चालवली ती एका रेल्वेमार्गावर. गंमत म्हणजे तेव्हा तिथे रेल्वे नव्हती. बंद पडली होती म्हणून नव्हे, अजून आलीच नव्हती म्हणून!

नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली १९९५ मध्ये. नगर ते आष्टी या पहिल्या ६६-६७ किलोमीटरवर गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ रोजी. बीडला ती पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला. मधली वर्षं मोजा. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर गाडी येईपर्यंत नोकरीला लागून पहिला जॉब बदलून मोकळं झालं असेल.

या लांबलचक मधल्या काळात नारायणडोहच्या बाजूला काही वर्षं नुसता मातीचा भराव होता. वर मुरूम दाबलेला, कडेला वेड्या बाभळी, मध्येच एखादी मोरी. रूळ नाहीत, खडी नाही, सिग्नल नाही. गुरं चरायची, पोरं क्रिकेट खेळायची. आम्ही दोघं-तिघं मित्र सुट्टीत नगरहून सायकली घेऊन जायचो आणि एका टोकाला चढलो की दामटत सुटायचो. गियर वगैरे भानगड नव्हती, साध्या काळ्या सायकली. तरी दम लागायचा नाही. तेव्हा वाटायचं आपला स्टॅमिना जबरदस्त आहे. नंतर कळलं की तो स्टॅमिना नव्हता, रेल्वेचं इंजिनिअरिंग होतं :-)

म्हणजे बघा, लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज गडगडतं, पण त्याची पकडही तितकीच कमी. त्यामुळे रेल्वेला चढ झेपत नाही. बोरघाटासारख्या अवघड जागीसुद्धा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. सपाटीवर तर शंभरात एक मीटरसुद्धा जास्तच समजतात. मग रेल्वेवाले काय करतात, तर खोलगट जागी भराव घालतात, टेकाड आलं की कापतात, ओढा आला की मोरी बांधतात आणि वळण घ्यायचंच तर लांबलचक घेतात. इतका खटाटोप गाडीसाठी केलेला असतो, पण गाडी काढून घेतली की उरतो तो सायकलवाल्यासाठी स्वर्ग! जो रस्ता मालगाडीला झेपतो तो दहा वर्षांच्या पोरीला आणि सत्तरीच्या आजोबांनाही झेपतो.

हे मला नीट समजलं ते ऑनसाइट गेल्यावर. व्हर्जिनियात आमच्या ऑफिसपासून जवळच डब्ल्यू अँड ओडी नावाची ट्रेल होती. वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन नावाची रेल्वे १९६८ मध्ये बंद पडली. तिची जागा वीज कंपनीने तारा टाकायला घेतली आणि पुढे तिथल्या पार्कवाल्यांनी ती टप्प्याटप्प्याने विकत घेऊन सुमारे ७२ किलोमीटरचा सायकल-रस्ता केला. हर्नडन गावात जुनं स्टेशन अजून जपून ठेवलंय. दर शनिवारी मी तिथे असायचो. आणि दर शनिवारी मला नारायणडोहचा भराव आठवायचा.

तिथे असताना आणखी एक गोष्ट वाचनात आली. १९८३ मध्ये अमेरिकेने कायद्यात अशी सोय केली की, रेल्वे कंपनीला एखादा मार्ग नको असेल तर तो मोडून तुकडे करायचे नाहीत. अख्खा पट्टा राखून ठेवायचा, तोवर त्यावर सायकली चालू द्यायच्या आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर तो परत घ्यायचा. याला म्हणतात रेलबँकिंग. मिसुरीतली ३८० किलोमीटरच्या वर लांब असलेली केटी ट्रेल अशीच टिकली. आमच्या भाषेत सांगायचं तर हा कोड डिलीट न करता कॉमेंट करून ठेवण्याचा प्रकार. आत्ता चालत नाही, पण जागेवर आहे. काही ठिकाणी अशा पट्ट्यांवर खरोखर परत रेल्वे आलीसुद्धा.

झालं. मी भारतात परतलो तो डोक्यात हा किडा घेऊनच. आपल्याकडे असे मार्ग कमी नाहीत. विदर्भातली शकुंतला घ्या. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६-७७ किलोमीटर. इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला टाकलेला अडीच फुटी रूळ. १९९४ पर्यंत तिथे वाफेचं इंजिन होतं, नंतर डिझेल आलं आणि आता गाडीच नाही. बार्शी लाइट रेल्वे घ्या. १८९७ मध्ये सुरू झालेली ही छोटी गाडी पुढे लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिव शहराकडे वळवला आणि येडशीच्या पुढचा जुना तुकडा मागे राहिला. पुण्या-मुंबईवाल्यांना जवळचं उदाहरण म्हणजे बोरघाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन. १८६३ पासून गाड्या तिथे थांबून उलट दिशेने निघायच्या. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते सुटलं.

माझं म्हणणं सरळ होतं. रूळ काढा, मुरूम दाबा, सायकली सोडा. खर्च कमी, पर्यटन जास्त. इतकं साधं कुणाला कसं सुचत नाही?

हे सगळं मी एका दिवाळीत कड्याला माझ्या मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. कडा आष्टी तालुक्यात, नगर-जामखेड रस्त्यावर. तेव्हा रेल्वे अजून तिथे पोचायची होती. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले,

"म्हंजे लोकांची गाडी गेली तर तुला सायकल खेळायला जागा झाली, असंच ना?"

"तसं नाही मामा, पण गाडी तर बंदच आहे ना तिथली..."

"बंद पडली का पाडली, ते त्यांना इचार. आमचं आख्खं आयुष्य गेलं गाडीची वाट बघण्यात. उद्या ह्या भरावावर तुम्ही पुण्याचे लोक टोप्या घालून सायकली चालवाय लागले, तर सरकार म्हणंल, बघा, लोक खूश हायेत, आता गाडी कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. पण परतताना बसमध्ये जसजसा विचार करत गेलो तसतसं पटत गेलं. यवतमाळ-अचलपूरकडचे लोक कित्येक वर्षं ब्रॉडगेज मागताहेत. त्यांच्यासाठी शकुंतला हा नॉस्टॅल्जिया नाही. दवाखाना, कॉलेज, बाजार इथपर्यंतचं स्वस्त तिकीट होतं ते. त्यांच्या हातातून ते गेलं आणि आपण तिथे जाऊन सूर्योदयाचे फोटो काढणार. अमेरिकेत रेल्वे गेली तेव्हा बहुतेकांच्या दारात मोटार होती. आपल्याकडे रेल्वे जाते तेव्हा मागे वडाप उरतं. हा फरक मी हिशोबातच धरला नव्हता.

मग काय, कल्पना सोडून द्यायची? तर नाही. मला वाटतं, उलट ती नीट धरायला हवी. रेलबँकिंगमधला महत्त्वाचा शब्द सायकल नाहीच, बँक आहे. पट्टा राखून ठेवायचा, हा खरा मुद्दा. न वापरलेली लांबट सरकारी जागा आपल्याकडे कशी नाहीशी होते हे वेगळं सांगायला नको. आज एक गोठा, उद्या एक टपरी, परवा कुणी मुरूम उचलला. वीस वर्षांनी रेल्वे मंजूर झाली की तीच जमीन परत संपादन करा, परत मोजणी, परत कोर्ट. नगर-बीडच्या इतक्या वर्षांमधला मोठा वेळ जमिनीत आणि पैशात गेला. ज्याने हे पाहिलंय तो हातात असलेला अख्खा पट्टा सोडून देणार नाही. रोज वापरात असलेली जागा सहजासहजी गिळता येत नाही. म्हणजे सायकली तिथे रखवालदार म्हणून चालतील, मालक म्हणून नाही. आणि हे कायद्यात लिहून ठेवा की, गाडी आली की सायकल बाजूला.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हा रस्ता कुणासाठी? माझ्या डोक्यात होता तो शनिवारचा सायकलवाला, म्हणजे मीच. पण खेड्यात रोज सायकल चालवतं कोण? मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर शाळेत जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुली. गळितात नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर सकाळी उभे राहा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागून हॉर्न मारणारी एसटी आणि डांबराच्या कडेला तुटलेल्या साइडपट्टीवरून तोल सांभाळत जाणाऱ्या दोन वेण्यांच्या पोरी. त्यांच्यासाठी गाव ते शाळा असा चार किलोमीटरचा सपाट, ट्रक नसलेला पट्टा मिळाला तर तो अख्ख्या पर्यटन विभागाच्या ब्रोशरपेक्षा मोठा. अख्खे ११३ किलोमीटर एकदम करायची गरजच नाही. जिथे शाळा आहे तिथून सुरू करा. आपण शहरातले लोक आपोआप येऊच, चहा-भजी खाऊ, चार पैसे गावात जातील. पण आपण पाहुणे.

असो. गेल्या महिन्यात नगरला गेलो होतो. आमच्या भरावावर आता खडी आहे, रूळ आहेत. तिथे सायकल नेणं म्हणजे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा, आणि ते बरोबरच आहे. मी खालच्या कच्च्या वाटेने सायकल मारत होतो. मागून गाडी आली, हॉर्न देत पुढे गेली. खिडकीतून कुणा पोराने हात केला.

थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझा रस्ता गेला. मग मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, तुमची गाडी बघितली आत्ता."

"बसला का तिच्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही, सायकलवर होतो."

"मग आता सायकल ठिवून दे नगरला, अन् गाडीत बसून ये कड्याला. लई वाट बघितलीय आम्ही तिची."

पुढच्या शनिवारी जातोय.