‘किती उतरलं?’ विचारणं आता थांबवा

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून एखादी बाई नागपूरहून घरी आली की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, “किती उतरलं?” तबियत कशी आहे, पाणी पोटात टिकतं का, जिना चढताना धाप लागते का, हे कुणी विचारत नाही. दोन वर्षांनी प्रश्न बदलतो, “पुन्हा वाढलं वाटतं?” यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, कुठल्याही मोहल्ल्यात जा, हेच ऐकू येईल. या प्रश्नामागची समजूत अशी की ऑपरेशन झालं म्हणजे माणूस बारीक झालाच पाहिजे. नाही झाला, तर एकतर डॉक्टरने फसवलं, नाहीतर बाईचा जिभेवर ताबा नाही. ही समजूत साफ खोटी आहे, आणि ती आजारी माणसाचं नुकसान करते.

साधा हिशोब करू. उंची १६० सेंटिमीटर, वजन १२० किलो. बीएमआय २५ धरला तर या उंचीला ६४ किलो वजन येतं. म्हणजे जादा वजन ५६ किलो. या जादा वजनातलं निम्म्याहून अधिक गेलं तर डॉक्टर शस्त्रक्रिया यशस्वी मानतात. ६० टक्के गेलं असं धरा, ते होतात जवळपास ३४ किलो. उरते ८६ किलोची बाई. साखर आटोक्यात आलेली, गुडघे हलके झालेले, रात्रीचं घोरणं कमी झालेलं. डॉक्टरच्या फाइलमध्ये ती पास आहे. लग्नाच्या मंडपात मात्र नणंद म्हणणार, “एवढे पैसे घालून काय मिळवलं?”

स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा दोन हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. पहिल्या दोन वर्षांत वजन सरासरी २३ टक्के उतरलं, मग थोडं परत आलं, आणि वीस वर्षांनी घट १८ टक्के होती. तेव्हाच्या पद्धती जुन्या होत्या, आज उतार अधिक मिळतो. पण आधी झपाट्याने उतरायचं, मग थांबायचं, मग थोडं चढायचं, ही चाल तीच आहे. आणि एवढ्या घटीवरही त्या लोकांमध्ये मृत्यूंचं प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा कमी राहिलं. म्हणजे जगण्याचा फायदा मिळायला बारीक दिसावं लागत नाही.

मी बी.एड. केलं तेव्हा पाठ टाचणात ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ लिहावी लागत. ‘विद्यार्थ्याला चांगले गुण मिळतील’ असं लिहिलं की मॅडम लाल शाईने काट मारत. गुण हे उद्दिष्ट नव्हे. विद्यार्थी काय करू शकेल ते लिहा, आणि ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. ‘साठ किलो’ हे असंच गुणांचं उद्दिष्ट आहे. ते किती दिवसांत येईल, येईल की नाही, हे माणसाच्या हातात पूर्ण नसतं. ‘खुर्ची सोडून जमिनीवर नमाज पढेन, सजद्यातून कुणाचा हात न धरता उठेन’ हे खरं उद्दिष्ट. ‘शाळेचा दुसरा मजला न थांबता चढेन’ हेही खरं.

किलो आणि जगणं यांची गल्लत कुठवर जाते, ते २०१७ मध्ये मुंबईत दिसलं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची इमान अहमद, वजन सुमारे ५०० किलो सांगितलं गेलं. मालवाहू विमानातून तिला आणलं आणि चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. मग रोज बातमी आकड्याची. इतके उतरले, आणखी इतके उतरले. एप्रिलमध्ये तिच्या बहिणीने जाहीर तक्रार केली की बहीण हलत नाही, बोलत नाही, आणि आकडेही खरे नाहीत. हॉस्पिटलने हे आरोप फेटाळले. इमानला आधी पक्षाघात होऊन गेला होता, हेही विसरून चालणार नाही. कोण किती बरोबर, हा न्याय मी करत नाही. पण एक जण वजनाचा काटा पाहत होता आणि दुसरी बहिणीच्या चालण्या-बोलण्याची वाट पाहत होती. मेमध्ये इमानला अबुधाबीला नेलं आणि सप्टेंबरमध्ये तिचा इंतकाल झाला. वर्तमानपत्रांना तेव्हाही तिच्या नावाआधी किलोच लिहायचे होते.

आमच्या घरांमध्ये गल्लत वेगळ्या रूपात येते. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढलेल्या माणसापुढे दावतीत बिर्याणीची थाळी सरकवतात, “एक निवाला तरी, नाहीतर आम्ही नाराज.” ईदला शीरखुर्मा. काहींना, विशेषतः बायपास केलेल्यांना, एवढ्या गोडाने घाम फुटतो, चक्कर येते, छाती धडधडते. बिचारी संकोचाने खाते आणि मोरीत जाऊन उलटी करते. मग तेच यजमान सांगतात की पोटाचे तीन भाग करावे, एक अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला. ही शिकवण आधी वाढणाऱ्याच्या हाताला लागू करा, मग खाणाऱ्याला.

तिची पहिल्या महिन्यांची उद्दिष्टं तर इतकी लहान असतात की ऐकून लोक हसतात. पाणी घोट-घोट करून दिवसभरात पुरं करायचं. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. रोज ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. आपल्याकडे तूर पिकते, अंडी मिळतात, दही आहे. महागड्या डब्यातली पावडर प्रत्येकीला परवडत नाही, तिथे जेवणाची सुरुवात डाळीच्या घट्ट भागाने करायची, भाकरी शेवटी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, बहुधा पुन्हा येतील. आणि बी १२, लोह, कॅल्शियम जन्मभर. यातलं एकही फोटोत दिसत नाही, म्हणून जाहिरातीत नसतं. जाहिरातीत असते जुनी ढगळ पँट आणि आत उभा असलेला बारीक माणूस.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. ताज्या शस्त्रक्रियेनंतर दिवसभर पाण्याविना राहणं शरीराला धोक्याचं आहे. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे. ती घेणारीला ‘नाटकं’ म्हणायचा अधिकार सासूला कुणी दिला? यंदा नाही, पुढच्या वर्षी डॉक्टरांना विचारून दोन-चार रोजे, हेही उद्दिष्टच आहे आणि त्यात निय्यत पूर्ण आहे.

बायांच्या बाबतीत आणखी एक जुलूम होतो. नितीन गडकरींनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली, सगळ्या विदर्भाला माहीत झालं आणि कुणाला त्यात लाज वाटली नाही. आमच्या मुलींचं ऑपरेशन मात्र ‘पित्ताचं’ म्हणून सांगतात. निकाहाआधी लपवायचं, आणि निकाह होताच सहाव्या महिन्यात ‘खुशखबर’ मागायची. वजन वेगाने उतरत असताना गर्भ राहिला तर आई आणि बाळ दोघांनाही पोषण अपुरं पडू शकतं, म्हणून डॉक्टर साधारण वर्ष ते दीड वर्ष थांबायला सांगतात. लपवलेल्या ऑपरेशनची मुलगी हे सासरी कोणत्या तोंडाने सांगणार?

कुणी म्हणेल, यवतमाळ शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा जिल्हा, इथे लठ्ठपणाचं काय घेऊन बसलात? कर्ज काढून, शेताचा तुकडा विकून ही शस्त्रक्रिया करणारी घरं इथेच आहेत. त्यांच्यासाठीच लिहितेय. पैसे जमवताना ऑपरेशनचाच खर्च धरतात. नंतरच्या तपासण्या, गोळ्या, नागपूरच्या फेऱ्या कुणी धरत नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी मोजली की दुसऱ्या वर्षी जाणंच बंद होतं. ऑपरेशनआधीच त्या डॉक्टरांकडून लेखी घ्या की कोणत्या महिन्यात रक्ताची कोणती तपासणी, आणि त्यातल्या कोणत्या यवतमाळला किंवा तालुक्याला करून अहवाल फोनवर पाठवला तर चालेल. बी १२ चं इंजेक्शन गावातल्या दवाखान्यातही देता येतं. तो कागद स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावा, आणि वजनाचा काटा काही दिवस पलंगाखाली सरकवून ठेवा.